ओढ्यापलीकडची पाणंद



ऊस काट्यावर आला म्हणजे त्याचे वजन होते. पण फडापासून डांबरी सडकेपर्यंत येताना त्याची किती गोडी वाटेत मुरते, त्याची नोंद कोणत्याच पावतीवर नसते. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला जावा, असे आपले शेतकी खाते दर हंगामात सांगते. उशीर झाला की वजन घटते आणि उतारा पडतो. हे ठाऊक नाही असा सभासद सापडणार नाही. पण ट्रॉली चिखलात आसापर्यंत रुतली तर हे चोवीस तास तिथेच सरतात. आणि टोळीचा मुकादम शहाणा असतो. ट्रॉली जिथे पोचत नाही तिथे तो कोयताच लावत नाही.

आपल्या कार्यक्षेत्रातील एका गावी 2024-25 च्या हंगामात असेच झाले. ओढ्यापलीकडच्या फडांत हंगाम उलटत आला तरी ऊस उभाच होता. शेवटी मोळ्या डोक्यावरून ओढ्यापर्यंत आणून भरल्या. मजुरी वर खुशाली देऊन उरले काय, ते ज्याचे त्याला माहीत. तेव्हा ऑक्टोबर 2025 मध्ये, गव्हाण पूजनाच्या आधी, पाणंदीसाठी मारुतीच्या देवळात सभा बसली. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, महसूल मंडळाचे अधिकारी आणि आमचे शेतकी खाते असे सारे हजर. (तलाठ्याला 2024 पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे आहे, पण गावाच्या तोंडी अजून तलाठीच.)

सुरुवात नेहमीप्रमाणे भाषणाने झाली. रस्त्याकडेचे एक मोठे बागाईतदार उठले आणि म्हणाले, "गावासाठी त्याग करायची वेळ आली हाय. परत्येकानं तीन फूट सोडलं की झालं." टाळ्या पडल्या.

तलाठी भाऊसाहेबांनी मात्र गाव नकाशा पसरला. ओढ्यापर्यंत पाणंद नकाशावर दुहेरी तुटक रेषांनी दाखवलेली होती. अशा गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. जागेवर मात्र आठ फूटसुद्धा उरलेली नव्हती. उरलेली कुठे गेली? दोन्ही बाजूंच्या सऱ्यांत. म्हणजे ओढ्याअलीकडे कोणी काही सोडायचे नव्हते, घेतलेले परत करायचे होते. भाषण केलेले बागाईतदार मघाशी उभे होते, ते खाली बसले. मागून कोणीतरी "त्याग जरा महाग पडला" म्हणाले आणि हशा पिकला.

ओढ्यापलीकडे गोष्ट निराळी. तिथे नकाशावर वाट नाहीच, नुसता सहा फुटांचा बांध. तिथे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चे कलम 143 लागते. ज्याला शेतात जायला वाट नाही, त्याला हद्दीवरून वाट देण्याचा निर्णय तहसीलदार करतात. तो मान्य नसेल तर एक वर्षात दिवाणी दावा लावता येतो. चालू वाट कोणी अडवली तर मामलेदार कोर्ट ॲक्ट 1906 चे कलम 5 आहे; पण त्याचा अर्ज अडवणुकीपासून सहा महिन्यांत गेला पाहिजे. आपले बरेच सभासद भावकीच्या भिडेने हे सहा महिने घालवतात आणि मग वकिलाकडे जातात. मे 2025 च्या शासन निर्णयात शेतरस्ता तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कांत घ्यावी, असे ठरले आहे. म्हणून बांधाचे सहा आणि दोन्हीकडून तीन-तीन, असे बारा फूट करू या, असे ठरत आले.

तेवढ्यात एक वयस्कर सभासद बाई उठल्या. "माझं समदं मिळून तीस गुंठं. पाणंद माझ्या दोन अंगानं वळती. मला बी तीनच फूट, अन् चार एकरवाल्याला बी तीनच फूट. ह्यो कुठला न्याय?"

ग्रामसेवक म्हणाले, "आक्का, नियम सगळ्यांना सारखा."

"नियम सारखा, पर रान सारखं हाय का?"

सभा गप्प. मग शेतकी खात्याच्या मंडळींनी तिथेच हिशेब मांडला. बाईंचा एक बांध 220 फूट, दुसरा 150. तीन फुटांनी गुणले की 1,110 चौरस फूट. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. म्हणजे बाईंचा पुरा एक गुंठा जाणार, तिसांतला एक. समोरच्या चार एकरवाल्याचाही एकच गुंठा, पण तो एकशे साठांतला. प्रामाणिकपणे सांगायचे तर हा हिशेब आम्हीही तोपर्यंत केला नव्हता.

यावर तासभर वाद झाला. वर्गणी काढून भरपाई द्यावी, असे कोणी म्हणाले. वर्गणीचे वचन पावसापर्यंतच टिकते, हे सर्वांना माहीत असल्याने ते बारगळले. शेवटी समोरचा चार एकरवालाच बोलला. लांब बांधावरचे बाईंचे तीन फूटही आपण आपल्या बाजूने देतो, म्हणाला. "गेल्या साली माझा ऊस उभा वाळला. त्येच्यात दोन गुंठं कवाच गेलं." त्याचे दीड गुंठ्याहून थोडे अधिक जाते, बाईंचे अर्ध्या गुंठ्याहून कमी.

बाईंनी संमतीपत्र तलाठ्यांकडून दोनदा वाचून घेतले. बांधावरचा लिंब तोडायचा नाही, असे एक वाक्य त्यात घालायला लावले आणि मगच सही केली. ओढ्याअलीकडच्या मोजणीची फी बागाईतदारांनी स्वतःहून भरली. मोजणीनंतर हद्दीचे दगड त्यांच्या उसात बरेच आत निघाले. तेवढ्या सऱ्या त्यांनी तोडून दिल्या.

मुरूम पडला आहे. ओढ्यात नळ्या कोणी टाकायच्या, पंचायतीने की कारखान्याने, हा विषय पुढच्या सभेवर गेला आहे.