५९ नंबरचे चोवीस तास

शनिवार, १७ जून १९९५, दुपारी ४. फ्रान्समधल्या ल माँ इथे शर्यत सुटते. एक फेरी साडेतेरा किलोमीटरांहून जास्त. पुढच्या रांगेत खास शर्यतीसाठीच घडवलेल्या गाड्या, आणि मागे ५९ नंबरची काळपट करडी मॅक्लॅरेन एफ१ जीटीआर. गॉर्डन मरे यांनी ही गाडी आखली ती रस्त्यासाठी. ती शर्यतीत उतरवण्याचा हट्ट धरला तो विकत घेणाऱ्यांनी. गंमत अशी की नियमानुसार इंजिनाला जाणारी हवा अडवावी लागते, त्यामुळे शर्यतीतली जीटीआर रस्त्यावरच्या ६२७ अश्वशक्तीच्या गाडीपेक्षा कमी ताकदीची!

संध्याकाळ. पाऊस येतो आणि मुक्काम ठोकतो. मारिओ आंद्रेत्ती यांच्या कुराज गाडीला अपघात होऊन बऱ्याच फेऱ्या वाया जातात.

रात्री १०. सूर्य आत्ता कुठे मावळतोय. यानिक दालमा, मासानोरी सेकिया आणि जेजे लेह्तो ५९ नंबरची गाडी आळीपाळीनं चालवतात. चालकाची जागा मधोमध, गिअरचा दांडा उजव्या हाताला. क्लच दाबून, दांडा ओढून गिअर टाकायचा, तोही चोवीस तास. गिअरबॉक्स टिकेल का, ही खरी धास्ती. पण ओल्या रस्त्यावर चाकांची पकड कमी, म्हणून यंत्रावरचा ताणही कमी. या पावसाला मी चौथा चालक मानतो.

मध्यरात्रीनंतर लेह्तो. समोरच्या गाड्यांनी उडवलेल्या पाण्याच्या तुषारांत दिवे दिसेनासे होतात, त्यातही हा फिनलंडचा गडी इतरांना कित्येक सेकंदांनी मागे टाकतो. त्या रात्रीचं त्याचं चालवणं पाहिलेले लोक अजून त्याबद्दल बोलतात, आणि ते रास्तच आहे.

सकाळ. पेट्रोल, टायर, चालकबदल. पुन्हा तेच.

रविवार दुपार. पुढे असलेली पिवळी-हिरवी मॅक्लॅरेन क्लचपायी रखडते. त्या गाडीत डेरेक बेल आणि त्यांचा मुलगा जस्टिन. ही शर्यत पाच वेळा जिंकलेल्या बापाला मुलासोबत जिंकायचं होतं. हे पाहून वाईट वाटतं.

दुपारी ४. २९८ फेऱ्या, चार हजारांहून अधिक किलोमीटर, आणि ५९ नंबर पहिली. सेकिया हे एकूण विजेतेपद मिळवणारे पहिले जपानी चालक. दुसरी आलेली आंद्रेत्तींची कुराज एका फेरीनं मागे. तिसरी, चौथी, पाचवी पुन्हा मॅक्लॅरेनच.