शुक्रवार रात्र, आठ वाजता… चौथा गडी हजर!

लंचनंतर ऑफिसातल्या टीटी टेबलाभोवती जमणारी गर्दी तुम्हाला नवी नाही. एक गेम, दोन गेम, 'अरे नेटला लागला, लेट आहे, लेट!' अशी आरडाओरड आणि मग मुकाट आपापल्या क्युबिकलमध्ये. मस्त टाइमपास! पण समजा, कंपनीनं उद्या तुम्हाला वर्षभरासाठी जर्मनीला ऑनसाइट धाडलं, तर हाच टाइमपास तिथं लोक किती सीरियसली घेतात ते पाहून तुम्ही चाट पडाल. आणि हे दर्शन फ्रँकफर्ट-म्युनिकच्या चकाचक स्टेडियममध्ये नाही, तर शेतांच्या मधोमध वसलेल्या एखाद्या गावात होईल.

जर्मनीत सात माणसं जमली की नोंदणीकृत क्लब काढता येतो. त्याला म्हणतात 'फेराइन'. आपल्या गणपती मंडळाचा चुलतभाऊच म्हणा ना! अध्यक्ष आहे, खजिनदार आहे, वर्गणी आहे आणि कामाच्या वेळी नेमके गायब होणारे कार्यकर्तेही आहेत. तिथल्या टेबल टेनिस महासंघाच्या छत्राखाली पाच लाखांहून जास्त सभासद आहेत, आणि त्यातले कितीतरी अशा गावातल्या क्लबांमधले.

जागा म्हणजे बहुतेकदा शाळेची किंवा गावाची जिम. संध्याकाळी आधी पोरासोरांचं प्रॅक्टिस, मग मोठ्यांचं. टेबलं आपणच उघडायची, नेट आपणच लावायचं आणि शेवटी सगळं आवरून दिवेही आपणच बंद करायचे. शिपाई-बिपाई भानगड नाही.

खरी गंमत आहे लीगमध्ये. सगळ्यात खाली तालुका पातळीच्या लीग, सगळ्यात वर बुंडेसलीगा. जिंकलात तर वर, हरलात तर खाली. गावातला बेकरीवाला, शाळेतले सर आणि कॉलेजकुमार एकाच संघात असतात. खालच्या पातळीवर पंच वगैरे नसतातच, आळीपाळीनं खेळाडूच स्कोअर मोजतात. पाच गेमची मॅच, अकरा पॉइंटचा गेम. रात्री यजमान संघ निकाल कॉम्प्युटरवर चढवतो. २०१० पासून देशभरात प्रत्येक खेळाडूला एकच रेटिंग पद्धत लागू आहे. म्हणजे गावात हजार-बाराशेच्या आसपास रेंगाळणारे काका आणि बुंडेसलीगातला स्टार एकाच शिडीवर उभे! फक्त पायऱ्या वेगळ्या.

बरं, पोरांचं काय? १९८३ पासून तिथं 'मिनी' स्पर्धा भरतात. वय बारा किंवा त्याहून कमी, आणि अजून कुठल्याही लीगमध्ये न खेळलेलं मूल, एवढीच अट. गावातल्या फेरीत जिंकलं की तालुका, मग जिल्हा, मग राज्य आणि शेवटी थेट राष्ट्रीय फायनल. गावातल्या जिममध्ये उसनी बॅट घेऊन उतरलेलं पोरगं पार तिथवर पोचू शकतं.

गावातून काय घडू शकतं हे बघायचं असेल, तर हेसन राज्यातलं ग्योनर्न बघा. १९९५ मध्ये इथल्या क्लबला टिमो बोल नावाचा चौदा वर्षांचा पोरगा हवा होता. पण पोरगा घर सोडून येणार कसा? मग क्लबनं काय करावं? संघाचं ट्रेनिंगच पोराच्या घराजवळ, ह्योख्स्टला हलवलं! २००३ च्या जानेवारीत बोल जागतिक क्रमवारीत पहिला आला, आणि २००५ व २००६ असं लागोपाठ दोनदा ग्योनर्ननं युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. बोल पुढे ड्युसेलडॉर्फला गेला आणि २०२५ मध्ये त्यानं बॅट खाली ठेवली. आपला साथियन ज्ञानशेखरनही बुंडेसलीगात खेळलाय, आणि तोही ग्रुनवेटर्सबाखकडून. कार्ल्सरूह शहरानं पोटात घेतलेलं हे एक जुनं गाव!

पण सगळं गोडगोड नाही. शिकायला आणि नोकरीला पोरं शहरात जातात आणि गावातल्या संघाला चौथा गडी मिळत नाही. तीनच जण गेले तर चौथ्याच्या मॅचेस न खेळताच समोरच्याच्या खात्यात जमा. मग साठीतले आजोबा गुडघ्याला पट्टा बांधून उतरतात. कुठे शेजारच्या गावाशी, म्हणजे वर्षानुवर्षांच्या दुश्मनाशी, हातमिळवणी करावी लागते. आपल्या गावाकडच्या कबड्डी संघांचं दुखणं आठवलं ना?

म्हणूनच तिथं नव्या माणसाचं अप्रूप असतं. ऑनसाइटचं एकटेपण काय चीज आहे, हे जाऊन आलेल्यांना विचारा. ऑफिस संपतं, पाचलाच अंधार, दुकानं बंद, रूमवर मॅगी आणि लॅपटॉप. अशा वेळी कुणीतरी 'शुक्रवारी आठला मॅच आहे, तू चौथा' असं सांगणं ही लहान गोष्ट नाही. तिथं तुमचा प्रोजेक्ट, पगार, व्हिसा कुणी विचारत नाही. बॅकहँड बसतो की नाही, एवढंच बघतात. मॅच संपली की दोन्ही संघ एकत्र बसतात, बिअर किंवा ज्यूस पुढ्यात येतो आणि हरलेल्या पाचव्या गेमचं पोस्टमॉर्टेम सुरू होतं. क्लासमध्ये न शिकलेलं जर्मन इथं आपोआप तोंडात बसतं!

जायचंय? मग एवढं करा:

• जिममध्ये चालतील असे स्वच्छ तळव्यांचे वेगळे बूट न्या. रस्त्यावरचे बूट घालून आत पाऊल टाकलंत तर पहिल्याच दिवशी बोलणी.

• ऑफिसातली रबर निघालेली बॅट घरीच ठेवा.

• आधी प्रॅक्टिसला जा. लीग खेळायला क्लबमार्फत परवाना काढावा लागतो.

• टेबलं लावायला वेळेआधी पोचा. निम्मी ओळख तिथंच होते.

आणि ऑनसाइटचा नंबर लागत नसेल तर? टेबल ऑफिसात आहेच. तीन टीम्सकडून चार-चार नावं घ्या, तारखा ठरवा, नोटीस बोर्डावर तक्ता लावा. फक्त एक नियम जर्मनांचाच ठेवा: 'मीटिंग आली' म्हणून चौथ्यानं दांडी मारायची नाही!