चोर समजलेला रखवालदार

पी-53 या प्रथिनाच्या वाट्याला पहिल्यापासून गैरसमजच आले. 1979 मध्ये लंडनला डेव्हिड लेन आणि लायनेल क्रॉफर्ड, तर प्रिन्स्टनला आर्नोल्ड लेव्हिन यांना ते जवळपास एकाच वेळी सापडलं. वजन 53 किलोडाल्टन भरलं, म्हणून नाव पी-53. खरं वजन 44च्या आसपास आहे. प्रथिनं मोजायच्या जेलमध्ये ते रेंगाळतं, म्हणून जड वाटलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.

पुढचा गैरसमज जास्त महागात पडला. कर्करोगाच्या पेशींत हे प्रथिन भरमसाट दिसायचं. त्याचं जनुक निरोगी पेशींत घातलं की त्या बेलगाम वाढायच्या. तेव्हा हाच चोर, असं दहा वर्षं बहुतेकजण धरून चालले. घोळ नमुन्यातच होता: प्रयोगांत वापरलेली जनुकं आधीच बिघडलेली होती. 1989 मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाने आतड्याच्या गाठी तपासल्या, तर या जनुकाची एक प्रत गायब आणि दुसरी नासलेली. धडधाकट पी-53 गाठ वाढवत नव्हतं, रोखत होतं. अशा जनुकांना ट्यूमर सप्रेसर म्हणतात.

पेशीतला डीएनए तुटला की पी-53 जागं होतं. आधी पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं. नुकसान हाताबाहेर गेलं असेल तर पेशीला मरायला लावतं. हे काम चार रेणू एकत्र येऊन करतात. इथेच मेख आहे. चौकडीत एखादा रेणू सदोष निघाला तरी सगळी चौकडी लंगडी पडू शकते. म्हणजे जनुकाची दुसरी प्रत शाबूत असूनही पहारा ढिला होतो.

फुप्फुसाच्या कर्करोगात तर पी-53 बिघडलेलं पदोपदी दिसतं. ‘स्मॉल सेल’ या आक्रमक प्रकारात पी-53 आणि आरबी (हेही एक ट्यूमर सप्रेसर) ही दोन्ही जनुकं जवळजवळ प्रत्येक गाठीत निकामी झालेली असतात.

पण पी-53चं जनुक बिघडवलं कुणी? तंबाखूच्या धुरात बेंझोपायरिन असतं. ते स्वतः फारसं काही करत नाही. शरीर त्याला बाहेर टाकता यावं म्हणून विरघळण्याजोगं करायला जातं आणि त्या खटपटीत त्याचं जहाल रूप तयार होतं. सफाईतूनच विष! हे रूप डीएनएमधल्या ‘जी’ अक्षराला जाऊन चिकटतं. पेशी डीएनएची नक्कल करताना तिथे अडखळते आणि ‘जी’च्या जागी ‘टी’ येऊन बसतो.

ऑक्टोबर 1996 मध्ये मिखाइल डेनिसेन्को, गेर्ड फायफर आणि सहकाऱ्यांनी हे जहाल रूप प्रयोगशाळेत मानवी पेशींवर टाकलं आणि ते पी-53च्या जनुकात नेमकं कुठे चिकटतं ते पाहिलं. ठिकाणं निघाली 157, 248 आणि 273 या क्रमांकांची कोडॉन, म्हणजे डीएनएमधले तीन-तीन अक्षरांचे गट. रुग्णांच्या फुप्फुसातल्या गाठींत हे जनुक जिथे वारंवार बिघडलेलं आढळत होतं, त्यांतलीच ही ठिकाणं. धूम्रपान आणि कर्करोग यांचा आकडेवारीतला संबंध 1950 पासून माहीत होता, पण आकडेवारीवर वाद घालता येतो. घटनास्थळी सापडलेल्या ठशांवर वाद घालणं अवघड असतं.

मग बिघडलेलं पी-53 दुरुस्त का करत नाहीत? अतिउत्साही झालेलं प्रथिन गोळीने दाबता येतं. पेशीला वाढायचा इशारा देणाऱ्या ईजीएफआर या प्रथिनावरच्या गोळ्या तेच करतात. मोडून पडलेल्याला पुन्हा कामाला लावणं हे वेगळंच प्रकरण आहे, आणि त्यावर अनेक वर्षं संशोधन चाललं आहे.

पुन्हा धुराकडे वळू. तो सिगारेटचाच असायला हवा असंही नाही. चीनच्या युन्नान प्रांतातल्या श्वानवेईमध्ये बायका सहसा सिगारेट ओढत नसत, तरी त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण विलक्षण होतं. घरात धुराडं नसलेल्या चुलीत त्या धुरकट दगडी कोळसा जाळायच्या. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूम्रपान न करणाऱ्या तिथल्या रुग्णांच्या गाठी तपासल्या गेल्या. पी-53मधले बहुतेक बदल तेच होते: ‘जी’च्या जागी ‘टी’. त्याआधीच तिथल्या अनेक घरांत चुलींना धुराडी बसवली गेली होती. त्या घरांतला कर्करोगाचा धोका, दहाएक वर्षं उलटल्यावर, जवळपास निम्म्यावर आलेला दिसला.