आधी कान, मग पाय

एप्रिल संपता संपता दोन दिवस एकमेकांना खेटून येतात. २९ तारखेचा जागतिक नृत्य दिन आणि ३० तारखेचा जागतिक जॅझ दिन. पहिला १९८२पासून साजरा होतो, दुसरा युनेस्कोनं २०११ साली जाहीर केला. पहिल्या दिवशी नाचणारे आपापले व्हिडिओ टाकतात, दुसऱ्या दिवशी वाजवणारे मैफली करतात. या दोघांच्या संगतीतून जन्मलेल्या जॅझ नृत्याची आठवण मात्र दोन्ही घरी क्वचितच निघते. नेमक्या याच दिवसांत मुंबई-पुण्यातल्या डान्स स्टुडिओंमध्ये सुट्टीच्या वर्गांची गर्दी सुरू होते. बिगिनर, इंटरमीडिएट आणि वरच्या पायरीवर अ‍ॅडव्हान्स्ड. जॅझच्या या वरच्या वर्गात उभं राहायचं तर अंगी काय हवं, हा प्रश्न या आठवड्यात विचारायलाच हवा.

सहसा उत्तर मिळतं ते डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींचं. एका पायावर तीन-चार गिरक्या, हवेत उघडणारा स्प्लिट, कानाजवळ पोहोचणारा पाय. ही कौशल्यं स्वस्त नाहीत. त्यांच्यामागे अनेक वर्षांचं बॅले असतं. पिट्सबर्गच्या पॉइंट पार्क विद्यापीठात जॅझ हा पदवीचा मुख्य विषय म्हणून घेता येतो, पण तिथल्या विद्यार्थ्यांची बॅले आणि मॉडर्न डान्समधूनही सुटका नसते.

वरच्या वर्गाचे नियमही कडक असतात. शिक्षक नवं कॉम्बिनेशन दोन-तीनदा दाखवतात आणि संगीत सुरू होतं. उजवीकडून शिकलेलं डावीकडून कुणी पुन्हा दाखवत नाही, ते आपणच उलटवून घ्यायचं. शेजारच्या मुलीला सांगितलेली दुरुस्ती आपल्यालाही सांगितली आहे, असं समजायचं. ऑडिशनमध्ये तर याहून कमी वेळ मिळतो. तिथं पायांबरोबर स्मरणशक्तीचीही परीक्षा असते.

आणि हे सगळं जमूनही जॅझ राहून जाऊ शकतो.

कारण या नाचाची खरी कसोटी कानाची आहे. चार मात्रांच्या ठेक्यात आपला हात सहज पहिल्या मात्रेवर पडतो. जॅझ ऐकणारा दुसरीवर आणि चौथीवर चुटकी वाजवतो. शिवाय प्रत्येक मात्रेचे दोन भाग सारखे नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. मात्रेचे तीन तुकडे करून मधला गिळून टाकावा, तसं काहीसं. लय वाढली की हा फरक कमी होत जातो आणि द्रुत लयीत दोन्ही भाग जवळजवळ समान होतात. या लांब-आखूड चालीलाच स्विंग म्हणतात. त्यावर पुन्हा अपेक्षित जागा टाळून अलीकडे-पलीकडे आघात देण्याचा खेळ. आपल्या मैफलीत अतीत-अनागतची गंमत ज्यानं अनुभवली आहे, त्याला हा खेळ परका वाटणार नाही. पण तबलजी तो बोटांनी खेळतो. जॅझ नर्तकाला तो टाचेनं, खांद्यानं आणि कमरेनं खेळावा लागतो, तोही एकाच वेळी निरनिराळ्या अंगांनी निरनिराळा.

ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. नृत्य-अभ्यासक ब्रेंडा डिक्सन गॉट्सचाइल्ड यांनी १९९६च्या आपल्या पुस्तकात अमेरिकी नृत्यातला आफ्रिकी वारसा उलगडून दाखवला. बॅलेमध्ये ताठ कणा हा शरीराचा एकमेव राजा असतो. आफ्रिकी परंपरेत शरीराला अनेक केंद्रं असतात आणि प्रत्येकाची लय स्वतंत्र असू शकते. कॅथरिन डनहॅम यांनी हे प्रत्यक्ष गावोगावी फिरून पाहिलं होतं. शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकलेल्या डनहॅम १९३५-३६मध्ये जमैका, मार्टिनिक, त्रिनिदाद आणि हैतीत हिंडल्या, तिथले नाच शिकल्या आणि परत येऊन त्यांनी स्वतःची शिक्षणपद्धती उभी केली. जॅझच्या वर्गात आज फक्त मान, फक्त खांदे, फक्त छाती, फक्त कंबर असे एकेक अवयव सुटे हलवण्याचे जे धडे गिरवले जातात, त्यांची एक मोठी मुळी तिथे आहे.

दुसरी मुळी मराठी वाचकाला चकित करील. ती थेट तंजावरपर्यंत येते.

जॅक कोल यांचा जन्म १९११चा, न्यू जर्सीतला. रूथ सेंट डेनिस आणि टेड शॉन यांच्या डेनिशॉन संस्थेत ते घडले. मंदीच्या काळात पोटासाठी नाइटक्लबमध्ये नाचू लागले. ला मेरी या नावानं ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी नर्तिकेनं १९३०च्या दशकात भारतात येऊन भरतनाट्यम शिकून घेतलं होतं. तिच्याकडून कोल यांनी ते घेतलं, आणि मग कुणाला सुचलं नसतं ते केलं. भरतनाट्यमच्या हालचाली त्यांनी जशाच्या तशा स्विंग बँडच्या संगीतावर बसवल्या. अरैमंडीत वाकलेले गुडघे, जमिनीकडे ओढलेलं वजन, स्थिर धडावर सरकणारी मान, बोटांच्या टोकापर्यंत कोरलेला हात, आणि मागे ट्रम्पेट व ड्रम. न्यूयॉर्कचे प्रेक्षक बघत राहिले.

या भरतनाट्यमच्या अडवूंना, म्हणजे मूळ पदन्यासांना, आणि मार्गमला, म्हणजे सादरीकरणाच्या क्रमाला, आजची शिस्तबद्ध मांडणी दिली ती तंजावरच्या चार भावांनी, चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांनी. त्यांना आश्रय होता दुसऱ्या सरफोजीराजांचा, म्हणजे तंजावरच्या मराठी दरबाराचा. भोसल्यांच्या त्या दरबारात घोटून बसवलेली अंगाची शिस्त शे-सव्वाशे वर्षांनी मॅनहॅटनच्या नाइटक्लबात जॅझच्या तालावर उभी राहिली. जॅझमधले सुटे अंग सगळे इथूनच गेले, असं म्हणणं खोटं ठरेल. आफ्रिकी-कॅरिबियन प्रवाह मुख्य आहे, आणि तो तसाच सांगितला पाहिजे. पण ज्यांना नाट्यमय जॅझ नृत्याचे जनक म्हटलं जातं, त्यांच्या हाडांत अडवू मुरलेले होते. जॅझ शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकांनी ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच महिन्यात सांगायला हवी.

कोल पुढे हॉलिवूडला गेले. १९४०च्या दशकात कोलंबिया पिक्चर्समध्ये त्यांनी पगारी नर्तकांचा कायमचा ताफा उभारला आणि त्याला रोज वर्ग लावला. त्यात बॅले होतं, भारतीय नृत्य होतं, कॅरिबियन होतं. चित्रीकरण असो वा नसो, रियाज चुकवायचा नाही. १९५३च्या 'जेंटलमेन प्रिफर ब्लाँड्स'मधलं मेरिलिन मन्रोचं हिऱ्यांवरचं प्रसिद्ध गाणं कोल यांनी बसवलं. ते पुन्हा पाहताना चेहऱ्यावरून नजर काढून तिच्या खांद्यांकडे आणि मनगटांकडे पाहावं. नर्तिका म्हणून न घडलेल्या नटीकडून कोल यांनी एकेक अंग सुटं करून घेतलं आहे. मागून येणारी प्रत्येक हालचाल आधीची पुरती थांबल्यावरच निघते. अ‍ॅडव्हान्स्ड विद्यार्थ्याला हा थांबा जमतो का, यावरून बरंच काही कळतं.

कोल यांची सहायक ग्वेन व्हर्डन पुढे नृत्यदिग्दर्शक बॉब फॉसी यांच्या नाचाचा चेहरा झाली. कोल यांचाच शिष्य मॅट मॅटॉक्स यानं आयसोलेशनचे, म्हणजे एकेक अंग सुटं हलवण्याचे, व्यायाम पियानोच्या सरगमीसारखे पक्के बांधले आणि ते युरोपात नेऊन रुजवले. शिकागोजवळ गस जॉर्डानो यांनी १९६०च्या दशकात आपली जॅझ नृत्यसंस्था उभी केली आणि १९९०मध्ये जागतिक जॅझ नृत्य परिषद सुरू केली. फॉसींचे आत वळलेले गुडघे, झुकलेले खांदे आणि डोक्यावरची हॅट हे तर स्वतःच्या शरीराच्या मर्यादांतून घडलेलं व्याकरण. प्रत्येकाची बोली वेगळी. वरच्या वर्गातल्या मुलाकडून अपेक्षा असते ती या बोलींतला फरक अंगानं दाखवता येण्याची. त्याच आठ काउंटना फॉसींचा कंजूष कोपरा देता यावा आणि लुइजींचा लांबलचक उसासाही.

या लुइजींची कहाणी थोडी सविस्तर सांगायला हवी. खरं नाव युजीन लुई फाच्युटो. १९४६मध्ये लॉस एंजेलिसला मोटार अपघात झाला, ते कोमात गेले, शरीराची एक बाजू लुळी पडली. पुन्हा चालता येणार नाही, असं डॉक्टरांचं मत होतं. त्यांनी स्वतःसाठी व्यायाम रचले. आधाराला समोर दांडी नसताना ती आहे असं समजून तिच्यावर हात दाबायचे आणि त्या दाबातून तोल मिळवायचा. काही वर्षांतच ते जीन केली यांच्या चित्रपटांत नाचत होते. सेटवर जीन नावाचे पुरेसे लोक आहेत म्हणून 'लुइजी' हे नाव त्यांना केलींनीच दिलं. चित्रीकरणाआधी ते स्वतःपुरते करत असलेले व्यायाम इतर नर्तक मागून करू लागले आणि त्यातून जॅझचं एक पद्धतशीर शिक्षण तयार झालं. जगभरच्या जॅझ वर्गांतला वॉर्म-अप आजही त्यांचं बरंच देणं लागतो.

म्हणजे या तंत्राच्या एका खांबाखाली एका जखमी माणसाचं स्वतःच्या शरीराचं ऐकणं आहे. वरच्या वर्गात गेलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत हे विसरलं जातं, तेव्हा काळजी वाटते. उंची झपाट्यानं वाढण्याच्या काळात लवचीकता आणि तोल तात्पुरता कमी होतो. मूल आळशी झालेलं नसतं, हाडं स्नायूंच्या पुढे धावलेली असतात. अशा वेळी ओढूनताणून स्प्लिट घालणं हा गुन्हा आहे. गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवून उडीतून उतरणं, पोटाच्या आणि नितंबांच्या स्नायूंत ताकद आणणं, विश्रांतीचा दिवस पाळणं, दुखणं लपवण्याऐवजी सांगणं, हा सगळा अ‍ॅडव्हान्स्ड अभ्यासक्रमच आहे.

मग कानाचं काय झालं? जॅझ नृत्याच्या वर्गातून जॅझ संगीत गेलं कुठे?

हार्लेममधला सॅव्हॉय बॉलरूम १९२६ ते १९५८ चालला. लेनॉक्स अ‍ॅव्हेन्यूवर एक सबंध ब्लॉक व्यापलेली जागा, दोन बँडना पुरेल असा मंच, आणि गोऱ्या-काळ्यांना एकत्र नाचायची मुभा. तिथे लिंडी हॉप हा नाच वाढला. शिक्षक नव्हते, परीक्षा नव्हत्या. रिंगण धरायचं, मध्ये जायचं, बँड जे वाजवील त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. तबला-पखवाजाच्या सवाल-जवाबासारखं, फक्त एका बाजूला पाय. १९४१च्या 'हेल्झापॉपिन' चित्रपटात त्या रिंगणातल्या तरुणांचा एक नाच टिकून आहे. फ्रँकी मॅनिंग यांनी बसवलेला हा नाच पाहून आजही श्वास अडकतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, अमेरिकी सरकारनं नाचगाण्याच्या ठिकाणांवर आधी ३० आणि मग २० टक्के कर बसवला. अनेक मालकांनी नाचाची फरशी बंद केली. त्याच सुमारास बीबॉप आला, वेगवान, गुंतागुंतीचा, खुर्चीत बसून ऐकण्याचा. संगीत क्लबात बसलं, नाच ब्रॉडवेवर आणि स्टुडिओत गेला, आणि पुढे स्टुडिओनं चालू पॉप गाण्यांशी संसार मांडला. आज अनेक वर्गांत वर्षभर एकही जॅझ रचना वाजत नाही. अमेरिकेत याबद्दल आता मोकळेपणानं बोललं जातं. २०२०चा 'अपरूटेड' हा माहितीपट आणि २०२२चं 'रूटेड जॅझ डान्स' हे पुस्तक, दोन्ही मुळांकडे परतण्याबद्दल आहेत. ज्या कृष्णवर्णीय कलावंतांनी हा नाच घडवला, त्यांची नावं अभ्यासक्रमात इतकी कमी का, हा त्यांतला बोचरा प्रश्न आहे.

मुंबईकडे या बाबतीत कोरी पाटी नाही. लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय कलावंतांचा बँड १९३५मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजवत होता. त्या लाटेत गोव्याचे वादक तयार झाले. अल्दोना गावचे अँतोनियु शाविएर वाझ ट्रम्पेट घेऊन 'चिक चॉकलेट' झाले आणि सी. रामचंद्रांबरोबर १९५१च्या 'अलबेला'पर्यंत पोहोचले. त्या चित्रपटात त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो. समोर नाचतात ते गिरणी कामगाराचे पुत्र भगवानदादा. उंच पाय नाही, गिरकी नाही. गुडघ्यांत एक सैल उसळी, खांद्याला झोका, आणि ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळणारं पाऊल. कुठल्याही परीक्षेत या माणसाला 'अ‍ॅडव्हान्स्ड'चा शिक्का मिळाला नसता, आणि स्विंग म्हणजे काय हे मराठी मुलाला दाखवायला त्याच्याइतकं सोपं उदाहरण दुसरं नाही. शियामक दावर यांनी १९८०च्या दशकात मुंबईत जॅझचे वर्ग रुजवले आणि 'दिल तो पागल है'च्या नृत्यदिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळवून दिला. तिथपासून आपल्याकडे तंत्र भरपूर आलं. श्रवणाचा तास मात्र अजून यायचा आहे.

तो आणायला फार खर्च नाही. आठवड्यातून एकदा आरशाला पाठ करून उभं राहायचं. काउंट बेसींच्या वाद्यवृंदाची एखादी जुनी रचना लावायची. पहिल्या वेळी फक्त बास ऐकत चालायचं, दुसऱ्या वेळी ड्रमची झांज खांद्यात घ्यायची, तिसऱ्या वेळी चार-चार आवर्तनांची स्वतःची उत्तरं द्यायची. आकडे मोजायचे नाहीत, ठरवून काही करायचं नाही. चार गिरक्या लीलया घेणारी मुलं इथे गोंधळून उभी राहतात. त्यांचं पुढचं शिक्षण तिथूनच सुरू होतं.

फ्रँकी मॅनिंग यांनी नाचाचे दिवस सरल्यावर सुमारे तीस वर्षं टपाल खात्यात नोकरी केली. १९८०च्या दशकात काही तरुण त्यांचा पत्ता काढत आले, आणि सत्तरीला टेकलेला हा माणूस पुन्हा शिकवू लागला, देशोदेशी हिंडू लागला. 'ब्लॅक अँड ब्लू'साठी १९८९मध्ये त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. वाढदिवसाला ते वयाइतक्या जोडीदारणींबरोबर नाचत. २७ एप्रिल २००९ला, पंच्याण्णवावा वाढदिवस महिन्यावर आला असताना, ते गेले. त्या वाढदिवसाचा मोठा सोहळा न्यूयॉर्कमध्ये आधीच ठरलेला होता. तो रद्द झाला नाही. जगभरातून आलेली माणसं मे महिन्यात तिथे जमली आणि रात्ररात्र नाचली.