आमिष आणि पेरणी : शिकारीच्या नीतीत जमिनीचा वाटा

अमेरिकेतल्या हरणांच्या शिकारीशी आपला काय संबंध, असे काही वाचक विचारतील. संबंध आहे. नीतीचे नियम कोण घडवतो, आणि घडवताना आपल्या हातातले साधन शुद्ध व दुसऱ्याच्या हातातले अशुद्ध कसे ठरवतो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. विस्कॉन्सिन आणि मिशिगन या राज्यांतल्या एका जुन्या वादात तो मला अगदी उघडावाघडा दिसला. मी शिकारी नाही. शिकार करावी की करू नये हा मुद्दाही इथे बाजूला ठेवतो. तिथे ती कायदेशीर आहे, परवाने काढून लाखो लोक ती करतात आणि मांस घरी नेऊन खातात.

पांढऱ्या शेपटीचे हरीण बंदुकीच्या टप्प्यात आणण्याच्या दोन रीती आहेत. एक अशी की मका, बीट, गाजरे, सफरचंदे यांचा ढीग रानात ओतायचा आणि जवळच्या झाडावर मचाण बांधून बसायचे. हे आमिष. दुसरी अशी की रानाच्या कडेचा तुकडा नांगरून त्यात क्लोव्हर, सलगम, ओट असे हरणाच्या आवडीचे पेरायचे आणि त्याच्या कडेला मचाण बांधून बसायचे. याला म्हणतात ‘फूड प्लॉट’. पहिली रीत अनेक ठिकाणी बंद आहे, दुसरी जवळजवळ सर्वत्र खुली. एवढ्यावर भागत नाही. ढीग ओतणारा आळशी आणि लबाड, पेरणारा मात्र रानाचा सांभाळ करणारा सद्गृहस्थ, अशी समजूत तिथल्या शिकारी मंडळींत बरीच पसरलेली आहे.

आमिषाविरुद्धचा एक युक्तिवाद पक्का आहे, तो आधी मान्य केला पाहिजे. हरणांना झिजवून मारणारा एक रोग आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. १९६७ साली तो कोलोरॅडोत प्रथम दिसला आणि २००२ साली विस्कॉन्सिनच्या रानात सापडला. तो जंतूने होत नाही, विषाणूनेही नाही; बिघडलेले प्रथिन हे त्याचे कारण मानले जाते. लाळ, मूत्र, विष्ठा यांतून ते पसरते, मातीत वर्षानुवर्षे टिकते. औषध नाही, लागण झालेले हरीण वाचत नाही. एका ढिगात दहा हरणांनी तोंडे घातली की पुढचे सांगायला नको. मिशिगनच्या ईशान्य भागात १९९४ नंतर रानातल्या हरणांमध्ये गुरांचा क्षयही आढळत राहिला. शिवाय हिवाळ्यात काड्याकोंबांवर जगणाऱ्या हरणाने एकदम पोटभर मका खाल्ला तर पोटात आम्ल होऊन ते दगावते. धान्याच्या राशीवर सुटलेली म्हैस कशी फुगते हे ज्याने पाहिले आहे त्याला हे लगेच कळेल. मिशिगनने दक्षिणेकडच्या द्वीपकल्पात २००८ साली आमिषावर बंदी घातली, २०११ साली ती बहुतेक भागात उठवली आणि २०१९ साली पुन्हा घातली. रोगाच्या कारणाने घातलेली ही बंदी मला योग्य वाटते.

पण सद्गृहस्थांचा युक्तिवाद रोगाचा नसतो, नीतीचा असतो. थिओडोर रूझवेल्ट यांनी १८८७ साली काढलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबपासून तिकडे ‘फेअर चेस’ हे तत्त्व मिरवले जाते : प्राण्याला निसटण्याची न्याय्य संधी हवी. ठीक. आता हरणाच्या बाजूने पाहू. सलगमाच्या वाफ्यावर वाकलेल्या मानेला मक्याच्या ढिगापेक्षा कोणती जास्त संधी मिळते? दोन्हीकडे अन्न माणसाने मांडलेले आणि वर बंदूक. मचाणाजवळच्या छोट्या वाफ्याला ते शिकारी स्वतःच ‘किल प्लॉट’ म्हणतात. भाषेनेच कबुली देऊन टाकली आहे.

मग फरक कुठे आहे? पेरायला जमीन लागते. सरकारी रानात कोणाही शिकाऱ्याने मनाला येईल तिथे नांगर घालायचा नाही. ज्याची स्वतःची जमीन नाही, जो कारखान्यातून सुटी काढून सरकारी रानात जातो, त्याच्या हाती दुकानातले मक्याचे पोते तेवढे राहते. म्हणजे ज्याला पेरता येत नाही त्याचेच साधन हीन ठरले. पेरणाऱ्याचे कष्ट मी नाकारत नाही, पण त्या कष्टांनाही आधी सातबारा लागतो. टेक्सासात तर नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी आहे, आणि तिथे खाजगी जमिनीवर ठरल्या वेळी मका उधळणारी यंत्रे कायदेशीर आहेत! मालकी असली की ढीगसुद्धा सोवळा होतो.

हे नवे नाही. इंग्लंडच्या १६७१च्या शिकार कायद्याने वर्षाला शंभर पौंड उत्पन्नाची जमीन असणाऱ्याला किंवा तशाच प्रतिष्ठिताला शिकारीचा हक्क दिला, बाकीचे चोर. ही अट १८३१ पर्यंत टिकली. त्याच इंग्रजांनी आपल्याकडे १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला, आणि फाशावर पोट भरणारा फासेपारधी जन्मानेच गुन्हेगार ठरला. संस्थानिक आणि साहेब मचाणाखाली रेडकू बांधून वाघ मारीत, तो मात्र मर्दानी खेळ. गुन्हेगारीचा शिक्का १९५२ साली कागदावरून पुसला गेला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ‘शिकार’ या शब्दात फासा आणि आमिष दोन्ही बसवले. तिथे निदान व्याख्येत तरी राजा आणि पारधी एका ओळीत आले.

तेव्हा विस्कॉन्सिनच्या मंडळींना माझे सांगणे एवढेच राहील, की रोग हाच निकष धरायचा तर तो प्रामाणिकपणे धरा. मातीत टिकणारे विष वाफ्याच्या मातीतही टिकते, आणि पाव एकराच्या किल प्लॉटवर रोज तीच हरणे येतात. ढिगाबरोबर असल्या वाफ्यांचीही तपासणी लावा. आणि न्याय्य संधी हा निकष धरायचा असेल, तर दोन्ही मचाणांवरून खाली उतरा.