बॅरिस्टर बद्रुद्दीन तय्यबजी: व्यापार, जनता आणि जामीन

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये,’ ही म्हण आपल्या श्रीगोंद्यात घरोघरी ऐकू येते. मागच्या आठवड्यात दहावीच्या वर्गात ‘पुढे काय व्हायचंय?’ असा विषय निघाला. एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मला वकील व्हायचंय. पण अब्बू म्हणतात, वकिली म्हणजे खोट्याचं काम, आणि मुलीच्या जातीला कोर्टकचेरी बरी नव्हे.” वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. त्या मुलीला मी त्या दिवशी एका बॅरिस्टरांची गोष्ट सांगितली. तीच आज आपल्यासमोर थोडी सविस्तर मांडतो.

बद्रुद्दीन तय्यबजी यांचा जन्म १० ऑक्टोबर १८४४ चा. घराणं सुलेमानी बोहरा, मूळ खंभातचं, व्यापारासाठी मुंबईत स्थायिक झालेलं. वालिद मुल्ला तय्यब अली यांनी मुलांना मदरशातली तालीम दिली आणि त्यासोबत इंग्रजी शिक्षणासाठी विलायतेलाही पाठवलं. त्या काळी समुद्र ओलांडून मुलाला शिकायला पाठवणं ही मोठी हिंमत होती. थोरले भाऊ कमरुद्दीन इंग्लंडमध्ये सॉलिसिटर झाले. बद्रुद्दीन लंडनच्या मिडल टेंपलमध्ये शिकले. मधेच डोळ्यांच्या आजारामुळे त्यांना मायदेशी परतावं लागलं. बरे झाल्यावर ते पुन्हा गेले आणि १८६७ मध्ये बॅरिस्टर होऊन आले. मुंबई हायकोर्टातले ते पहिले भारतीय बॅरिस्टर.

आता ‘सॉलिसिटर’ आणि ‘बॅरिस्टर’ यांत फरक काय? तेव्हा मुंबई हायकोर्टाच्या मूळ शाखेत दोन प्रकारचे वकील असत. सॉलिसिटर पक्षकाराला भेटायचा, कागदपत्रं तयार करायचा. बॅरिस्टर न्यायाधीशांसमोर उभा राहून बाजू मांडायचा. पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे, सॉलिसिटरमार्फतच जाई. म्हणजे घरातच एक भाऊ कागद करणारा आणि दुसरा बोलणारा, अशी जोडी होती.

पहिला टप्पा: व्यापाराचा कायदा

तय्यबजी परतले तेव्हाची मुंबई आठवा. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं. तिथला कापूस बंद पडला म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला आणि मोठमोठे शेठ दिवाळखोर झाले. अशा शहरात व्यापारी वकिलाच्या हाती जे काम येतं ते हेच: करार कोणी मोडला, हुंडीचे पैसे कोणी द्यायचे, भागीदारी फुटली तर कर्ज कोणाच्या अंगावर.

भारतीय करार कायदा १८७२ साली आला आणि तो आजही लागू आहे. आपल्या तालुक्यातले लिंबू उत्पादक आणि व्यापारी बहुतेक सौदे तोंडी करतात. तोंडी करारही कायद्याने करारच असतो, पण तो सिद्ध करताना नाकी नऊ येतात. साधी सही केलेली चिठ्ठी, वजनाची पावती, बँकेतून दिलेले पैसे, एवढं जपलं तरी पुढचे निम्मे भांडण टळते. चांगला व्यापारी वकील पक्षकाराला कोर्टात न्यायच्या आधी हेच शिकवतो.

दुसरा टप्पा: जनतेचा कायदा

सरकार आणि नागरिक यांच्यातल्या संबंधांचा कायदा तो सार्वजनिक कायदा. तय्यबजी १८७३ मध्ये मुंबईच्या महापालिकेवर निवडून गेले, १८८२ मध्ये कायदेमंडळावर नेमले गेले. १८८३ मध्ये इल्बर्ट बिल आलं. गोऱ्या आरोपीचा खटला जिल्ह्यातल्या भारतीय अधिकाऱ्यासमोर चालावा की नाही, हा वाद होता. गोऱ्यांनी रान उठवलं. मुंबईच्या टाऊन हॉलमधल्या सभेत तय्यबजींनी बिलाच्या बाजूने भाषण केलं. मुद्दा साधा होता: कायदा एकच असेल तर न्यायाधीशाच्या कातडीचा रंग का पाहायचा?

१८८५ मध्ये फिरोजशाह मेहता आणि काशिनाथ तेलंग यांच्यासोबत त्यांनी बॉम्बे प्रेसिडेन्सी असोसिएशन उभी केली. १८८७ मध्ये मद्रासच्या काँग्रेस अधिवेशनाचे ते अध्यक्ष झाले. एक पारशी, एक हिंदू, एक मुसलमान, तिघेही कायदेपंडित, आणि एकाच व्यासपीठावर. कौमच्या कामातही ते मागे नव्हते. १८७४ मध्ये भाऊ कमरुद्दीन आणि इतर मान्यवरांसोबत त्यांनी अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली. तिच्या शाळा-कॉलेजांतून आजही हजारो मुलंमुली शिकतात. आपल्या घरातल्या मुलींनाही त्यांनी शिकवलं, हे त्या अब्बूंनी जरूर लक्षात घ्यावं.

तिसरा टप्पा: फौजदारी, आणि एक जामीन

१८९५ मध्ये तय्यबजी हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. दोनच वर्षांनी त्यांच्यासमोर एक अवघड अर्ज आला. पुण्यात प्लेगच्या काळात रँडचा खून झाला होता. वातावरण तापलेलं होतं. ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल लोकमान्य टिळकांना जुलै १८९७ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक झाली. आधी मॅजिस्ट्रेटने आणि मग हायकोर्टानेही जामीन नाकारला. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर दावर यांनी पुन्हा अर्ज केला आणि तो तय्यबजींसमोर आला. त्यांनी जामीन दिला.

आरोप गंभीर, सरकार नाराज, मग जामीन का? कारण जामिनाच्या वेळी मुख्य प्रश्न असा असतो: हा माणूस खटल्याला हजर राहील का? टिळक पळून जातील असं कोणी म्हणू शकत नव्हतं. आणि बंद कोठडीत बसून माणूस आपल्या बचावाची तयारी कशी करणार? जामीन म्हणजे सुटका नव्हे, निर्दोष ठरवणंही नव्हे. सप्टेंबरमध्ये खटला चाललाच. ज्यूरीतल्या ६ जणांनी दोषी म्हटलं, ३ जणांनी निर्दोष, आणि टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. तरीही आधीचा तो जामीन चुकीचा ठरत नाही.

पुढची गोष्ट विचार करायला लावणारी आहे. १८९७ मध्ये टिळकांसाठी जामीन मागणारे दावर पुढे न्यायमूर्ती झाले. १९०८ मध्ये टिळक पुन्हा आरोपी म्हणून आले तेव्हा बॅरिस्टर जिनांनी जामीन मागितला आणि तो दावरांनी नाकारला. शेवटी ६ वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षाही त्यांनीच सुनावली. कायदा तोच, आरोपी तोच. खुर्चीवर बसलेला माणूस काय महत्त्वाचं मानतो, यावर किती काही अवलंबून असतं! म्हणून त्या खुर्चीपर्यंत चांगली माणसं पोहोचली पाहिजेत.

१९०२ मध्ये तय्यबजी काही काळ प्रभारी मुख्य न्यायाधीश होते. १९ ऑगस्ट १९०६ रोजी लंडनमध्ये त्यांचा इंतकाल झाला.

आज आपल्यासाठी काय?

घरातल्या कोणाला अटक झाली की आपण घाबरतो, ओळखीचा पुढारी शोधतो, दलालाला पैसे देतो. थोडं थांबा, आणि एवढं पाठ करून ठेवा. अटकेचं कारण कळण्याचा हक्क आहे. पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे. प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं बंधनकारक आहे. कोठडीत असलेल्या व्यक्तीला, तसंच महिला आणि मुलांना, १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. १५१०० हा मदतीचा फोन क्रमांक आहे.

वकील व्हायला आता विलायतेला जायची गरज नाही. बारावीनंतर ५ वर्षांचा किंवा पदवीनंतर ३ वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. महाराष्ट्रात त्यासाठी सीईटी द्यावी लागते. नंतर बार कौन्सिलकडे नोंदणी आणि अखिल भारतीय बार परीक्षा. १९६१ च्या कायद्याने सगळे ‘अ‍ॅडव्होकेट’ झाले, बॅरिस्टर हा वेगळा वर्ग उरला नाही.

त्या मुलीच्या अब्बूंना मी शाळेत चहाला बोलावलं आहे. त्यांना एवढंच विचारणार आहे: भाईजान, उद्या आपल्यावर खोटा आळ आला, तर कोर्टाची पायरी चढावीच लागेल. तेव्हा शेजारी कोण उभं असलेलं आवडेल? पैसे मोजून आणलेला अनोळखी माणूस, की शिकून तयार झालेली आपलीच बेटी?