दोराच्या दुसऱ्या टोकाला: इंग्लंडचे कालवे आणि बोट ओढणारे घोडे

पडद्यावर जो फोटो दिसतो आहे, तिथूनच सुरुवात करू. हा इंग्लंडमधल्या एका कालव्यावरचा पूल आहे. पुलाच्या कोपऱ्याला एक उभी लोखंडी पट्टी ठोकलेली आहे आणि तिच्यावर एकाखाली एक खाचा पडल्या आहेत. काही खाचांत बोट सहज बसेल. ज्यांच्या गावात जुनी दगडी विहीर आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. पोहऱ्याचा दोर वर्षानुवर्षं घासून काठाच्या दगडाला अशाच खाचा पडतात. इथेही दोरच आहे, सुती. त्याच्या एका टोकाला मालाने भरलेली बोट, आणि दुसऱ्या टोकाला एक घोडा. आज आपल्याला कालवा त्या दुसऱ्या टोकाकडून पाहायचा आहे. तसं पाहिल्याशिवाय काठावरच्या निम्म्या गोष्टींचा अर्थच लागत नाही.

आधी एक घोळ दूर करू. कालवा म्हटलं की आपल्याला पाटबंधाऱ्याचा कालवा आठवतो, शेताकडे वाहत जाणाऱ्या पाण्याचा. इंग्लंडचा हा कालवा माल नेण्यासाठी खणलेला आहे, आणि त्यातलं पाणी जवळजवळ स्थिर असतं. चढ आला की बोट लॉकमध्ये घ्यायची, मागचे दरवाजे लावायचे, आत पाणी सोडायचं. पाण्याबरोबर बोट वर येते. बाकी सगळा मार्ग सपाट. आणि पाण्याला लागून एक अरुंद वाट, तिला म्हणतात टोपाथ. ओढणाऱ्या जनावराची वाट. मोटेच्या बैलांना जशी धाव लागते, तशीच ही कालव्याच्या घोड्याची धाव समजा. फरक इतकाच की ही धाव संपत नाही, गावामागून गाव चालतच राहते.

आता हिशोब बघा. पाठीवर ओझं लादलेला घोडा साधारण सव्वाशे किलो माल नेतो. चांगल्या पक्क्या रस्त्यावर गाडीला जुंपला तर दोनेक टन. तोच घोडा पाण्यावर २५ टन माल घेऊन जाणारी अरुंद बोट एकटा ओढतो. घोडा तोच, ताकद तीच, फक्त घर्षण गेलं. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या वर्स्ली इथल्या खाणीतला कोळसा जेम्स ब्रिंडली या इंजिनियरच्या मदतीने कालव्यातून मँचेस्टरच्या दिशेने आणायला सुरुवात केली, आणि त्या शहरात कोळशाचा भाव जवळपास निम्म्यावर आला. औद्योगिक क्रांती म्हटलं की आपण लगेच वाफेच्या इंजिनाचं नाव घेतो. पण त्या इंजिनांना लागणारा कोळसा बराच काळ घोड्यांनी पोचवला, हे विसरून चालणार नाही.

पण पाणी एक अट घालतं: घाई करायची नाही. वेग वाढवला की पाण्याचा विरोध वेगापेक्षा कितीतरी जास्त पटीने वाढतो. म्हणून चाल तासाला तीन-चार किलोमीटर, माणसाच्या चालण्याची. आणि खरी कसोटी चालण्यात नाही, बोट जागेवरून हलवण्यात आहे. २५ टनांना हिसका देऊन काही होत नाही. दोर तुटेल किंवा घोड्याचा खांदा दुखावेल. शिकलेला घोडा गळ्यातल्या पट्ट्यावर अंगाचा सगळा भार टाकतो आणि तसाच झुकून उभा राहतो. काही क्षण काहीच घडत नाही. मग बोट बोटभर सरकते, वीतभर सरकते, आणि घोडा पहिलं पाऊल टाकतो. थांबवणं तर आणखी अवघड, कारण बोटीला ब्रेक नाही. लॉकपाशी खांबाला दोराचे वेढे देऊन ती आवरायची. त्या खांबांवरही खाचा आहेतच.

दोर बोटीच्या अगदी नाकाला बांधत नाहीत, थोडा मागे, एका लहान डोलकाठीला बांधतात. का? घोडा चालतो काठावर, बोट आहे पाण्यात, म्हणजे ओढ तिरकी. नाकाला बांधला तर बोट सरळ काठावर येऊन आदळेल. सुकाणू धरणारा तिला सतत बाहेर ठेवत असतो. घोड्याकडून बघितलं तर तीच ओढ त्याला दिवसभर पाण्याकडे खेचत असते.

आता टोपाथ एका काठावरून दुसऱ्या काठावर जायची वेळ आली तर? घोडा पुलावरून पलीकडे जाईल, पण दोर पुलात अडकेल. प्रत्येक वेळी सोडा, बांधा. १८३१ मध्ये सुरू झालेल्या मॅकल्सफिल्ड कालव्यावर याचा सुंदर उपाय आहे. घोडा चढ चढून पूल ओलांडतो. पलीकडचा उतार गोल वळून त्याला परत मागे, बोटीच्याच बाजूला, खाली आणतो. आणि मग तो पुलाच्या कमानीखालून पुढे निघतो. दोर सोडावाच लागत नाही. या पुलांना सर्पपूल म्हणतात. स्ट्रॅटफर्डच्या कालव्यावर दुसरी युक्ती: लहान पूल दोन अर्ध्यांत बांधलेला, मध्ये बारीक फट, फटीतून दोर पार. आम्हाला विचाराल तर हे दोन पूल कुठल्याही भव्य जलसेतूइतकेच हुशारीचे आहेत.

समोरून दुसरी बोट आली, आणि टोपाथ एकच, तर काय? एक घोडा थांबतो. त्याचा दोर सैल पडून पाण्यात बुडतो. दुसरी बोट त्या बुडालेल्या दोरावरून जाते, तिचा घोडा तो दोर ओलांडून पुढे होतो. नीट जमलं तर दोन मिनिटांचं काम. नाही जमलं तर काय शब्द कानावर पडत असतील याची कल्पना करा!

बोगद्यांपाशी मात्र चित्र बदलतं. ट्रेंट अँड मर्सी हा कालवा १७७७ मध्ये पूर्ण झाला. जोसाया वेजवुडसारख्या मातीच्या भांड्यांच्या कारखानदारांना तो हवाच होता; खडबडीत रस्त्यावर भांडी फुटायची. त्यावरचा हेअरकॅसल बोगदा सुमारे २.६ किलोमीटर लांब, आणि खर्च वाचवायला आत टोपाथच ठेवला नाही. घोड्याला सोडून टेकडीवरून पलीकडे न्यायचं. त्या रस्त्याचं नाव आजही बोटहॉर्स रोड आहे. आणि आत बोट कोण ओढणार? माणसं. बोटीवर पाठ टेकून आडवं व्हायचं आणि पाय बोगद्याच्या भिंतीला किंवा छताला लावून, अंधारात, भिंतीवरून ‘चालायचं’. पार व्हायला तीन तासांपर्यंत वेळ लागे. १८२७ मध्ये थॉमस टेलफर्डने शेजारी दुसरा बोगदा बांधला, त्यात टोपाथ ठेवला. पण १८११ मध्ये सुरू झालेला स्टँडएज बोगदा पाच किलोमीटरहून लांब, आणि त्यातही टोपाथ नाही. टोपाथचा खर्च वाचला, म्हणजे प्रत्यक्षात तो माणसांच्या पायांवर टाकला गेला.

घोड्याची काळजी घेतली जायची, कारण तो बोटवाल्याची पुंजी होती. चालता चालता खाता यावं म्हणून तोंडाला पत्र्याचा तोबरा. माश्यांसाठी कानांवर विणलेल्या टोप्या. ओढीचे दोर अंगाला घासू नयेत म्हणून त्यांत ओवलेले रंगवलेले लाकडी मणी. काही कालव्यांवर घोड्याऐवजी खेचर किंवा गाढवांची जोडी. रात्रंदिवस चालणाऱ्या जलद बोटींसाठी ठरावीक ठिकाणी ताजे घोडे तयार ठेवत. बदलायचे ते घोडे. घोड्यामागे चालणारा मात्र पुष्कळदा घरातलाच मुलगा किंवा मुलगी असे. रेल्वे आल्यावर वाहतुकीचे दर पडले, मजूर ठेवणं परवडेना, आणि अनेक बोटवाल्यांची कुटुंबंच बोटीवर राहायला आली. खोली साधारण तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद. त्यात स्वयंपाक, झोप, बाळंतपण. घोडा जेवढा चालला तेवढं ते पोरही चाललं, आणि शाळा राहिली बाजूला. कोलव्हिलच्या जॉर्ज स्मिथने यावर रान उठवलं, तेव्हा १८७७ मध्ये बोटींची नोंदणी करणारा आणि एका बोटीत किती माणसं राहू शकतात यावर मर्यादा घालणारा कायदा झाला.

विसाव्या शतकात डिझेल इंजिन आलं, तरी घोडा लगेच गेला नाही. बर्मिंगहॅमच्या आसपास जवळ जवळ लॉक आणि लहान लहान फेऱ्या. तिथे घोडा १९६० च्या दशकापर्यंत टिकला. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे कित्येक आठवडे गोठले, आणि अरुंद बोटींच्या मालवाहतुकीचा कणा तिथेच मोडला.

टोपाथ मात्र राहिले. आज त्यांवर लोक फिरायला येतात, सायकली चालवतात. लंडनच्या रीजंट कालव्याच्या टोपाथखालून १९७९ पासून उच्च दाबाच्या विजेच्या तारा जातात, आणि त्या थंड ठेवायला कालव्याचंच पाणी खेळवतात. कुणी लंडनला गेलात तर याच कालव्यावर कॅम्डनच्या बाजूला काठाकडे नीट बघा. एका जागी टोपाथवरून पाण्यात उतरणारा उतार दिसेल. शेजारून आगगाडी गेली की घोडे बिथरून पाण्यात पडत. काठ सरळ उभा, घोड्याला वर येता येत नसे. म्हणून ठिकठिकाणी हे उतार बांधले, पडलेल्या घोड्याला चालत वर येता यावं म्हणून.

इथे थांबू. आता प्रश्न घेऊ या.